पुंडलिकसुद्धा वाटेवरच शिकला

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला नऊ जणांनी पाठवला. त्यात दोन माजी विद्यार्थी, एक चुलत मेहुणा आणि बाकीचे आमच्या तालुक्याच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवरचे. नववा आला तो जिल्हा परिषदेच्या शाळेत माझ्यासोबत बावीस वर्षं काढलेल्या एका सरांकडून. खाली त्यांची ओळ होती : ‘गुरुजी, जमलं तर खोडून दाखवा.’ सरांनी आव्हान दिलं की मला झोप लागत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

मजकूर थोडक्यात असा : ‘जागे व्हा! म्हातारपण हा गोऱ्या देशांचा प्रश्न आहे, भारत तरुण देश आहे. पुंडलिकाची परंपरा आणि एकत्र कुटुंब असताना आपण परदेशाकडून काय शिकायचं? युनोनं माद्रिदला परिषद भरवली, चहा-बिस्किटं झाली, आपल्या म्हाताऱ्यांना रुपया मिळाला नाही. पेन्शन श्रीमंत देशांना परवडते. आणि ते सहकार्याचे करार म्हणजे आपली पोरं त्यांच्या म्हाताऱ्यांचं गू-मूत काढायला न्यायचा डाव आहे. खरे भारतीय असाल तर दहा ग्रुपवर पाठवा.’

मी या विषयातला पंडित नाही. निवृत्त झाल्यापासून सोमवारी, बाजाराच्या दिवशी, तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो आणि श्रावणबाळ, संजय गांधी या सरकारी पेन्शन योजनांचे अर्ज भरून देतो. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं म्हातारपण त्या बाकावरून जेवढं दिसतं तेवढं मला दिसतं. बाकीचं वाचून घेतलं. आता एकेक मुद्दा घेऊ.

‘भारत तरुण देश आहे’

हा मुद्दा लवकर निपटतो. 2011 च्या जनगणनेत साठीपुढची माणसं 10 कोटी 40 लाखांच्या आसपास होती. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनं आणि मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं 2023 साली मिळून काढलेल्या अहवालात 2022 चा आकडा 14 कोटी 90 लाख आहे आणि 2050 चा अंदाज 34 कोटी 70 लाख. म्हणजे दहातला एक म्हातारा होता, तो पाचातला एक होणार. 2046 च्या सुमारास देशात लेकरांपेक्षा म्हातारी माणसं जास्त असतील, असंही त्या अहवालात आहे. महाराष्ट्रात तर बाईमागे सरासरी दोन मुलंही आता होत नाहीत, 1.7 होतात. माझ्या आजीला सात होती.

पण आकड्यापेक्षा मला वेगाची काळजी वाटते. फ्रान्समध्ये पासष्टीपुढच्यांचं प्रमाण 7 टक्क्यांवरून 14 व्हायला 115 वर्षं लागली, स्वीडनला 85. जपानला जेमतेम 25. फ्रान्सला चुकायला आणि सुधारायला चार पिढ्या मिळाल्या. आपल्याला जपानसारखी एक मिळणार, तीही जपानइतका पैसा हातात नसताना. ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्यानं दुसऱ्याची वही बघावी, यात लाज कसली? परीक्षेत मी बघू दिली नसती, पण ही परीक्षा नव्हे.

‘पुंडलिकाची परंपरा आणि एकत्र कुटुंब’

इथं मला जरा बसावं लागेल.

मजकूर लिहिणाऱ्यानं पुंडलिकाची अर्धीच गोष्ट ऐकलेली दिसते. आख्यायिका अशी, की पुंडलिक आधी आई-बापाला छळणारा होता. म्हातारा-म्हातारी कंटाळून काशीला निघाले, तर हा बायकोसह घोड्यावर आणि ती दोघं पायी. वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात मुक्काम पडला. तिथं पहाटे त्यानं मळक्या वस्त्रांतल्या नद्या पाहिल्या, आश्रमाची सेवा करून उजळून निघताना. त्यांनी त्याला त्याची लायकी सांगितली आणि मग तो सुधारला. वीट नंतरची. म्हणजे आई-बापाची सेवा हा माणूस घरात शिकला नाही, परमुलखाच्या वाटेवर, परक्याच्या आश्रमात शिकला. फॉरवर्ड करणाऱ्यांनी पुंडलिकाचं नाव घेतलंच आहे तर एवढं तरी मान्य करावं.

श्रावणबाळाचंही तसंच. सरकारनं योजनेला त्याचं नाव दिलं, कावड डोळ्यांसमोर आली, सगळे गहिवरले. पण त्या गोष्टीचा शेवट काय आहे? एकुलता एक पोरगा बाण लागून जातो आणि आंधळ्या आई-बापाला जगात दुसरं कोणी नसतं. तीही मरतात. सगळं म्हातारपण एका पोराच्या खांद्यावर टांगलं की काय होतं, ते आपल्याच पुराणानं सांगून ठेवलंय. मराठवाड्यात हे सांगायला पुराणाची गरज नाही. कर्त्या लेकानं कर्जापायी आयुष्य संपवलं आणि मागे सत्तरीतला बाप सातबारा घेऊन बँकेत उभा, असं दृश्य इथल्या कुठल्याही तालुक्यात सापडतं. त्या बापाला एकत्र कुटुंबाची थोरवी कोणी सांगायची?

आणि एकत्र कुटुंब म्हणजे नेमकं कुठल्या महिन्यातलं? आमच्याकडे दसरा झाला की मुकादमाचे ट्रॅक्टर लागतात. उचल घेतलेली जोडपी, ज्यांना आमच्याकडे ‘कोयता’ म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, गावात राहतात ती म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि शेरडं. जनगणनेच्या, रेशनच्या कागदावर हे कुटुंब एकत्रच असतं. सहा महिने मात्र सत्तरीची आजी तीन नातवंडांना रांधून घालते, बोअरवरून पाणी आणते आणि स्वतःच्या बीपीच्या गोळ्या लेक परत येईपर्यंत लांबवते. लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना तरी आहे. म्हाताऱ्यांसाठी हंगामी असं काही नाही, कारण त्या घरात म्हातारी एकटी आहे हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

चीनमध्ये हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर झाली. तरुण शहरांतल्या कारखान्यांत आणि खेड्यात आजी, आजोबा, नातवंडं. व्हिएतनाममध्येही झाली. तिथं 2006 च्या सुमारास हेल्पएज इंटरनॅशनल या संस्थेच्या मदतीनं गावोगाव पिढ्यांचे स्वमदत गट सुरू झाले. गटात पन्नास-सत्तर माणसं, बहुतेक म्हातारी, त्यांतही बायका आणि गरीब जास्त, पण थोडे तरुणही मुद्दाम घेतलेले. गट लहान कर्ज देतो, महिन्याला बीपी-वजन तपासतो, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी गटातलं कोणीतरी ठरलेल्या दिवशी जातं. व्हिएतनाम सरकारनं पुढे हे देशभर न्यायचं ठरवलं. यात आपल्या बाईला न समजण्यासारखं काय आहे? बचत गट तिला पाठ आहे. फक्त त्या गटाला म्हातारीच्या घरचं दार वाजवायचं काम कोणी दिलं नाही.

‘आपल्याकडे म्हातारे एकटे नसतात’ हे देखील तपासलेलं आहे. 2017-18 मध्ये देशभर 45 वर्षांवरच्या 72 हजारांहून अधिक माणसांना भेटून एक मोठा अभ्यास झाला. त्याला लासी म्हणतात. साठीपुढच्यांत साधारण 6 टक्के अगदी एकटे राहतात आणि 20 टक्क्यांच्या आसपास फक्त जोडीदारासोबत, असं त्यात आढळलं. दर चारातला एक. हा अभ्यास देवनारच्या संस्थेनं अमेरिकेतल्या हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांबरोबर केला. प्रश्नावलीचा साचा अमेरिका, युरोप, चीन, कोरिया इथल्या अशाच अभ्यासांशी जुळवून घेतला, म्हणजे आकडे शेजारी शेजारी ठेवता यावेत. आणि ती देवनारची संस्था? 1956 साली टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रं यांनी मिळून काढलेली. आपल्या म्हाताऱ्यांची मोजदाद आपण परदेशाशी हात मिळवूनच शिकलो. फॉरवर्डवाल्याला हे माहीत असतं तर त्यानं बहुधा मोजदादीलाही कट म्हटलं असतं.

आता शिकण्यासारखं म्हणाल तर मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट पैशाची नाही, एका शब्दाची आहे. आपल्याकडे म्हातारं माणूस विसरायला लागलं, एकच गोष्ट दहादा विचारायला लागलं, की लोक म्हणतात ‘म्हातारचळ लागला’. नाहीतर ‘साठी बुद्धी नाठी’. चळ लागला म्हटल्यावर डॉक्टरकडे कोण नेतो? हसतात, रागावतात, खोलीत कोंडतात. आमच्या गल्लीतली एक काकू स्वतःच्या घराचं दार विसरून तीन वेळा बसस्टँडवर सापडली. प्रत्येक वेळी घरच्यांनी आणलं आणि प्रत्येक वेळी शेजाऱ्यांसमोर मान खाली घातली, जणू काकूनं चोरी केली होती.

जपानमध्येही या आजाराचा, म्हणजे डिमेन्शियाचा, सरकारी शब्द असाच होता, मूर्खपणाच्या अर्थाचा. 2004 साली तिथल्या सरकारनं तो काढून टाकला आणि आकलनाच्या आजाराला शोभेल असा नवा शब्द आणला. पुढच्याच वर्षी साध्या लोकांना दीड तासाचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. बँकेतला कारकून, बसचा वाहक, किराणा दुकानदार, शाळेतली मुलं : अशा माणसाशी घाईनं बोलू नका, मागून हाक मारू नका, चुकलं तर हसू नका. प्रशिक्षण घेतलेल्याला हातात घालायला नारिंगी पट्टा मिळायचा. अशी एक कोटीहून अधिक माणसं तिथं तयार झाली. इंग्लंडनं ते पाहिलं आणि आपल्याकडे तसाच उपक्रम काढला. इंग्लंडची संस्कृती त्यानं बुडाल्याचं ऐकलं नाही. एसटीच्या वाहकाला आणि बसस्टँडच्या चहावाल्याला हे दीड तास मिळाले असते तर आमची काकू तिथं तीन तास बसून राहिली नसती. 75 वर्षांवरच्यांना 2022 पासून एसटी फुकट आहे, चांगलंच आहे. पण फुकट बसलेल्या माणसाला कुठं उतरायचं ते आठवत नसेल तर?

एक शेवटचं, आणि मग हा मुद्दा सोडतो. एकत्र कुटुंब एवढं भक्कम असतं तर 2007 साली आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा कशाला करावा लागला असता? प्रांत अधिकाऱ्यापुढे अर्ज करून स्वतःच्या मुलाकडून पोटगी मागायची सोय त्यात आहे, जास्तीत जास्त महिना 10 हजार. जमीन लिहून घेऊन मुलानं वाऱ्यावर सोडलं तर ते बक्षीसपत्र रद्द करण्याची तरतूद आहे. माझ्या बाकावर या कायद्याबद्दल विचारणारे येतात. विचारतात, आणि शेवटी म्हणतात, ‘राहू द्या गुरुजी, लेकच हाय.’

‘माद्रिदला चहा-बिस्किटं झाली’

यात थोडं खरं आहे, ते आधी मान्य करतो. वार्धक्यावरची पहिली जागतिक परिषद 1982 ला व्हिएन्नात झाली, दुसरी 2002 ला माद्रिदला. दोन्हीकडे कृती आराखडे ठरले. ते कोणावर बंधनकारक नव्हते. 1 ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे आणि आमच्या तालुक्यात त्या दिवशी खरंच चहा-बिस्किटं होतात, वर एक शाल, एक नारळ आणि साहेबांना उशीर. ठराव गावापर्यंत येता येता शाल होतो, ही टीका योग्य आहे.

पण ‘रुपया मिळाला नाही’ यावरून ‘उपयोगच नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. ठराव कसा खाली येतो ते दुसऱ्या एका उदाहरणावरून बघा. अपंगांच्या हक्कांचा जागतिक करार 2006 साली झाला. तो नुसता आराखडा नव्हता, सही करणाऱ्या देशाला बांधणारा करार होता. भारतानं 2007 साली तो स्वीकारला. मग जुना 1995 चा कायदा त्या कराराशी जुळेना, म्हणून 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आला. जुन्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, नव्यात 21. ग्रामपंचायतीचा 5 टक्के दिव्यांग निधी गावसभेत मागायला आज जो माणूस कुबडी टेकत उभा राहतो, तो ज्या कायद्याचं नाव घेतो त्याच्या पहिल्याच ओळींत त्या जागतिक कराराचा उल्लेख आहे. न्यूयॉर्क ते ग्रामपंचायत असा हा रस्ता. दहा वर्षं लागली, पण रस्ता आहे.

म्हाताऱ्यांसाठी असा बांधणारा जागतिक करार अजून नाही. बायकांसाठी आहे, लेकरांसाठी आहे, दिव्यांगांसाठी आहे, म्हाताऱ्यांसाठी नाही. 2010 साली नेमलेला एक गट न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी वर्षानुवर्षं नुसत्या बैठका घेत होता. अखेर एप्रिल 2025 मध्ये जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेनं असा करार लिहायला एक गट नेमायचं ठरवलं. म्हणजे ज्या वेळी मसुद्यात ‘ऊसतोडीला गेलेल्यांची मागे राहिलेली म्हातारी माणसं’ या अर्थाचं एखादं वाक्य घुसवता येईल, नेमकं त्याच वेळी आपण ‘आम्हाला नको तुमचं सहकार्य’ म्हणून दार लावायचं?

आणि मराठवाड्यानं बाहेरच्या मदतीला नावं ठेवावीत हे मला जरा अवघड वाटतं. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारीच्या त्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, पुनर्वसनाला जागतिक बँकेचं कर्ज होतं. आज गावोगाव ज्याला ‘पोकरा’ म्हणतात त्या शेतीच्या योजनेलाही आहे. तेव्हा कोणी ‘पुंडलिकाची परंपरा’ काढली नाही.

उलट किल्लारीवरून टीका करायची तर वेगळी करायला हवी. नवी गावं आखीव झाली. रुंद रस्ते, लांब लांब घरं. जुन्या गावात ओसरीवरून उठलं की दहा पावलांवर पार होता, मारुती होता, शेजारणीचा उंबरा होता. नव्या आखणीत गुडघे दुखणाऱ्या माणसाला पार तालुक्याइतका लांब झाला. घर भूकंपाला टिकेल असं मिळालं, पण म्हाताऱ्याला बसायला जागा कुठं असते हे आखणी करताना म्हाताऱ्याला कोणी विचारलं नाही. नऊ वर्षांनी माद्रिदच्या त्या चहा-बिस्किटांच्या आराखड्यात आपत्तीतल्या वृद्धांवर एक स्वतंत्र भाग लिहिला गेला. तो 1993 ला हातात असता तर, असं मला कधी कधी वाटतं.

‘पेन्शन श्रीमंत देशांना परवडते’

नेपाळ श्रीमंत आहे का? तिथं 1994-95 साली 75 वर्षांवरच्या माणसांना महिना 100 रुपये भत्ता सुरू झाला. आज तो 68 वर्षांवरच्यांना महिना 4 हजार नेपाळी रुपये आहे, आपले अडीच हजार. उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. आफ्रिकेतल्या लेसोथो या डोंगराळ, गरीब देशानं 2004 पासून सत्तरीपुढच्यांना पेन्शन दिली.

आता आपलं. केंद्राचा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला वाटा 1995 साली महिना 75 रुपये होता. 2006-07 पासून तो 200 आहे, आणि 60 ते 79 वयाच्या माणसासाठी आजही 200 च आहे. दोनशेत तेव्हा काय यायचं आणि आता काय येतं हे तुमच्या घरातल्या बाईला विचारा. राज्य आपला वाटा घालतं, म्हणून श्रावणबाळचे 1,500 होतात. त्यासाठी वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे महिना 1,750. त्याच्यावर गेलात तर तुम्ही सरकारच्या लेखी सुखवस्तू. मी दर सोमवारी हे दाखले बघतो. 20 हजार, 20 हजार 500, 20 हजार 800. आख्ख्या तालुक्याचं उत्पन्न 21 हजारांच्या उंबऱ्याशी येऊन थबकतं. कोणालाही ते खरं वाटत नाही. देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला नाही, मला नाही. नेपाळनं हा उंबराच काढून टाकला, त्यामुळे तिथल्या म्हातारीला खोटं बोलायला लागत नाही.

नेपाळकडून शिका म्हटलं की आपल्या लोकांना जर्मनीपेक्षा जास्त राग येतो, हाही एक अनुभव.

शिकायचं म्हणजे जसंच्या तसं उचलायचं नाही. श्रीमंतांच्या चुका हाही मोठा धडा असतो. जपाननं 1973 साली सत्तरीपुढच्यांचा दवाखाना फुकट केला. झालं असं की घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून लोक म्हाताऱ्यांना दवाखान्यातच ठेवायला लागले, आजार असो नसो. खाटा भरल्या, खर्च फुगला, आणि दहा वर्षांत पुन्हा थोडे पैसे घ्यायला सुरुवात करावी लागली. त्यांच्या लक्षात आलं की लोकांना दवाखाना नको होता, घरी येणारा मदतीचा हात हवा होता. म्हणून 2000 साली त्यांनी काळजीचा वेगळा विमा काढला, चाळिशीपासून प्रत्येकानं भरायचा. आपल्याकडे 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, उत्पन्नाची अट न ठेवता. उत्तम निर्णय. पण तो दवाखान्यात दाखल झाल्यावरचा. घरी अंथरुणाला खिळलेल्याचं कूस बदलायला येणारं माणूस त्या कार्डात नाही. जपान 1973 ला जिथं होता, साधारण तिथं आपण आहोत.

‘आपली पोरं त्यांच्या म्हाताऱ्यांचं गू-मूत काढायला’

मजकुरातलं हे वाक्य सगळ्यात जास्त चाललं, म्हणून त्याचा राग कशाचा आहे ते नीट बघू. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिकांपासून वाहनचालक, वीजतंत्र्यांपर्यंत कामं त्यात आहेत. जपानशी 2021 साली केंद्राचा करार झाला, त्यात वृद्धसेवा हे काम नाव घेऊन आहे. हे खरं आहे. डाव आहे का?

आधी गू-मुताचं बोलू. हे काम आपल्या घरात कोण करतं? सून करते. रात्री दोनला उठून, पगार नाही, सुट्टी नाही, आणि सासू चारचौघांत नावं ठेवते ती वेगळीच. दवाखान्यात मावशी करते, तिला आपण नावानं हाक मारत नाही. तेच काम परदेशात महिन्याला पगार, ठरलेले तास आणि प्रमाणपत्र देऊन केलं तर अचानक आपल्या इज्जतीला धक्का लागतो. इज्जत गेली ती कामानं की पगारानं?

रास्त शंका दुसरी आहे. नर्सिंग केलेली आपली मुलं तिकडे गेली तर इथं कोण? आणि एजंट त्यांना लुबाडतील का? याला उत्तर करार मोडणं हे नाही, करार नीट करणं हे आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2010 साली आरोग्य कर्मचाऱ्यांच्या परदेशी भरतीची आचारसंहिता केली ती याचसाठी. केरळनं 2021 साली आपल्या नोर्का या सरकारी यंत्रणेमार्फत जर्मनीशी नर्सभरतीची व्यवस्था लावली. त्यात खर्च नोकरी देणारा करतो, नर्सकडून भरतीचा पैसा घेत नाहीत. आमच्याकडे मुली काय करतात? गुंठे विकून एजंटला देतात. सहकार्य नको म्हणणाऱ्यानं हे ओळखावं, की सरकारी करार नसला तरी मुलगी जाणारच आहे. फक्त ती एजंटच्या हातानं जाईल.

आता ज्याच्याबद्दल मजकुरात एक अक्षर नाही ते सांगतो. अनेक देशांत कमावणाऱ्या भारतीयाच्या पगारातून तिथल्या पेन्शनसाठी कपात होते. थोडी वर्षं राहून तो परतला तर ती कपात बुडीत जाऊ शकते, कारण पेन्शनला किमान वर्षांची अट असते. अमेरिकेत ती साधारण दहा वर्षांची आहे, आणि अमेरिकेशी आपला याबाबत करार नाही. आखाती देशांत तर परदेशी कामगाराला सहसा पेन्शनच नसते, आणि मराठवाड्यातले गवंडी, ड्रायव्हर, सुतार जास्त तिकडेच जातात. तिथून बाप साठीला परततो तो गुडघे आणि पासपोर्ट घेऊन. जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, जपान, कोरिया अशा देशांशी मात्र सामाजिक सुरक्षेचे करार आहेत. बेल्जियमशी सगळ्यात आधी, 2006 साली सही झाली. जर्मनीशी व्यापक करार मे 2017 पासून लागू आहे. तिथं पेन्शनला किमान पाच वर्षं लागतात, पण करारामुळे पात्रता ठरवताना इथल्या भविष्य निर्वाह निधीतली वर्षं धरता येतात, आणि पेन्शन भारतात बसून घेता येते. कंपनीनं इथूनच काही काळापुरतं पाठवलं असेल तर आपल्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचं प्रमाणपत्र दाखवून तिथली दुहेरी कपात टाळता येते. हेच ते आंतरराष्ट्रीय सहकार्य, ज्याला आपण गेले पंधरा दिवस शिव्या देतोय.

सर, तुम्ही खोडून दाखवा म्हणालात म्हणून एवढं लिहिलं. तुमचा धाकटा चार वर्षं स्टुटगार्टला आहे आणि पुढच्या उन्हाळ्यात कायमचा परत येतोय, असं तुम्हीच दिवाळीत सांगितलं होतं. त्याआधी तो पुण्यात सहा वर्षं नोकरीला होता. त्याच्या जर्मन पगारपत्रकावर पेन्शन विम्याचा एक क्रमांक असेल, आणि पुण्याच्या कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक त्याच्या जुन्या कागदांत. दोन्ही मागवून घ्या आणि सोमवारी झेरॉक्सच्या दुकानावर या. अकराच्या आत या, नंतर हयातीच्या दाखल्यांची गर्दी होते.